फळीचा स्वर : सपाट ध्वनिवर्धकाच्या इतिहासातील एक प्रश्न

१

ध्वनिवर्धकाला मराठीत जी बोलभाषेतली नावे पडली आहेत, ती आकारावरून पडली आहेत. 'कर्णा' मुळात फुंकून वाजवायच्या वाद्याचे नाव. 'भोंगा' म्हटले की गिरणीही आठवते. दोन्ही शब्दांत एक रुंदावत जाणारे तोंड गृहीत धरलेले आहे. आवाज आहे, तर तो कुठल्या तरी तोंडातून बाहेर पडत असणार, अशी ही धारणा आहे. भिंतीशी टांगलेल्या थर्मोकोलच्या एका सपाट फळीतून कुणाचे गाणे ऐकू येऊ लागले, तर तिला काय म्हणावे याची सोय या शब्दांत नाही. प्रस्तुत लेखात तिला आपण 'ध्वनिफलक' म्हणू.

असा ध्वनिफलक घरी बनवता येतो. जगभरातील अनेक हौशी कारागीर तो बनवतात आणि त्याची कृती पुढे येईलच. परंतु या लेखाचे कारण कृतीपुरते नाही. जवळजवळ सत्तर वर्षे ध्वनिअभियंत्यांनी ज्या गोष्टीला दोष मानले, त्याच गोष्टीला तत्त्वाचा दर्जा देऊन हा फलक उभा राहिला आहे. दुसऱ्याचा आवाज वाहून नेणाऱ्या वस्तूला स्वतःचा आवाज असावा की नसावा, हा त्यामागचा प्रश्न. साहित्याच्या अभ्यासकांना तो अपरिचित नाही. भाषांतरकाराने काचेसारखे असावे की नाही, निवेदक कितपत दिसावा, समीक्षेत समीक्षकाचा सूर किती यावा, असे वाद घालताना आपण वेगळ्या शब्दांत हेच विचारत असतो. तोच प्रश्न लाकूड, कागद आणि तारेच्या साहाय्याने कसा सोडवला गेला, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरावे.

२

सपाट पत्र्याला आवाज असतो, आणि एक नव्हे तर पुष्कळ असतात, हे डोळ्यांना दाखवून देणारा माणूस म्हणजे अर्न्स्ट क्लाडनी. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या या जर्मन संशोधकाने १७८७ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. प्रयोग साधा होता. धातूचा किंवा काचेचा पातळ तुकडा एका जागी धरायचा, त्यावर बारीक वाळू भुरभुरायची आणि कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. पत्रा गाऊ लागला की वाळू थरथरणाऱ्या भागावरून उडून स्थिर रेषांवर जाऊन बसते आणि एक नक्षी उमटते. बोट दुसरीकडे टेकवून गज पुन्हा ओढला की स्वर बदलतो, आणि त्याबरोबर नक्षीही बदलते. एकाच तुकड्यात असे कितीतरी स्वर दडलेले असतात.

क्लाडनीने हा प्रयोग पॅरिसमध्ये नेपोलियनसमोर करून दाखवला. या नक्ष्यांमागचे गणित मांडणाऱ्यास १८०९ मध्ये तेथील विद्वत्संस्थेने पारितोषिक जाहीर केले. ते १८१६ मध्ये, तिसऱ्या प्रयत्नात, सोफी जर्मेन या गणितज्ञ स्त्रीला मिळाले. तिच्या मांडणीत काही उणिवा राहिल्या होत्या. पत्र्याच्या मोकळ्या कडांवर काय घडते याचे समाधानकारक उत्तर किर्खहॉफने १८५० मध्ये दिले. कडा नेमकी कशी वागते, हा प्रश्न आजही घरी ध्वनिफलक करणाऱ्याला छळतो. त्याकडे आपण पुढे येऊ.

३

शंभरेक वर्षांनी ध्वनिमुद्रित आवाज घरोघर वाजू लागला तेव्हा पत्र्याच्या या बहुस्वरी स्वभावाकडे अडचण म्हणूनच पाहिले गेले. ग्रामोफोनच्या लहानशा चकतीचा क्षीण आवाज कर्ण्यातून मोठा होई. पण कर्ण्यालाही स्वतःचा नाकातला सूर असे. तो टाळण्याचा एक सुंदर प्रयत्न चलच्चित्रांच्या जनकांपैकी एक असलेल्या लुई ल्युमिएरने केला. त्याने कागदाला किरणांसारख्या चुण्या घालून सुमारे ३५ सेंटीमीटर व्यासाचे एक मोठे पटल तयार केले आणि कर्णाच काढून टाकला. हे पटल बसवलेला ग्रामोफोन 'हिज मास्टर्स व्हॉइस'ने १९२४ मध्ये बाजारात आणला. तोंड नसलेल्या ध्वनिवर्धकाचा तो एक पूर्वज म्हणता येईल.

परंतु पुढची दिशा ठरवली ती जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांच्या १९२५ मधील निबंधाने. आज बहुतेक सर्व ध्वनिवर्धकांत दिसणारी रचना या निबंधाने रूढ केली. चुंबकाच्या फटीत तारेचे एक वेटोळे, त्याला जोडलेला कागदी शंकू आणि शंकूच्या कडेला सैल आधार. वेटोळ्यातून संगीताचा विद्युत्प्रवाह गेला की ते पुढे-मागे हलते आणि शंकू हवा ढकलतो. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची युक्ती वेगळीच आहे. प्रत्येक शंकूला आणि त्याच्या आधाराला मिळून एक नैसर्गिक स्वर असतो. आधार पुरेसा सैल ठेवून राइस-केलॉग यांनी तो स्वर वाजवायच्या स्वरपट्टीच्या तळाशी ढकलून दिला. वस्तूला आवाज राहिला, पण तो वाटेत येणार नाही अशा ठिकाणी बसवला गेला. सेवकाने बोलू नये, बोललाच तर दिवाणखान्यापर्यंत ऐकू जाऊ नये, अशी ही व्यवस्था होती.

दुसरी अपेक्षा अशी की शंकूने एकसंधपणे, पिचकारीतल्या दट्ट्यासारखे हलावे. वास्तवात उंच स्वरांना तो तसा हलत नाही. त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळे थरथरू लागतात, म्हणजेच क्लाडनीच्या नक्ष्या त्याच्यावरही उमटू लागतात. अभियंत्यांनी याला शंकूचे 'फुटणे' म्हटले, आणि ते टाळण्यासाठी पुढील अनेक दशके कागद, प्लास्टिक व धातू यांवर श्रम खर्च केले. उंच स्वरांसाठी लहान शंकू, खालच्या स्वरांसाठी मोठा, अशी विभागणीही बऱ्याच अंशी याच भीतीतून आली.

४

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सपाट झाल्याने ध्वनिवर्धकाने या आदर्शाची साथ सोडली असे होत नाही. उलट मुकेपणाचा आदर्श ज्याने सर्वांत जवळून गाठला, तो ध्वनिवर्धक सपाटच होता. इंग्लंडमधील हंटिंग्डन येथील पीटर वॉकर यांनी १९५५ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकातील लेखमालेत स्थिरविद्युत ध्वनिवर्धकाचे तत्त्व विशद केले आणि १९५७ मध्ये 'क्वाड' या नावाने तो विक्रीस आणला. दोन सच्छिद्र विद्युत्पट्ट्यांच्या मधोमध ताणलेले अतिशय पातळ प्लास्टिकचे पटल, त्यावर हजारो व्होल्टचा दाब, आणि पटलाच्या प्रत्येक बिंदूवर सारखेच बल. पटल इतके हलके की त्याचे वजन त्याच्याभोवतीच्या हवेपुढे नगण्य ठरावे. जणू ध्वनिवर्धक नाहीच, नुसती हवा हलते आहे. पुढे अमेरिकेत जिम विनी यांनी १९६९ मध्ये 'मॅग्नेपॅन' ही कंपनी काढली. तिच्या ध्वनिवर्धकांत पातळ पटलावर तार चिकटवून समोर चुंबकांच्या रांगा लावलेल्या असत. साधन बदलले, ध्येय तेच राहिले. हेही ध्वनिवर्धक हौशी लोकांनी घरी करून पाहिले आहेत. मात्र पहिल्या प्रकारातील विद्युत्दाब जिवावर बेतू शकतो, त्यामुळे ते नवशिक्याचे काम नव्हे.

ही सारी मंडळी एकाच पंथाची होती. माध्यमाने अदृश्य व्हावे, हा त्यांचा आग्रह होता.

५

या पंथाविरुद्धचे पहिले स्पष्ट बंड अभियांत्रिकीतून आले नाही. ते संगीतातून आले. जॉन केजचा सहकारी, पियानोवादक डेव्हिड ट्यूडर याने १९६८ मध्ये मर्स कनिंगहॅमच्या नृत्यासाठी 'रेनफॉरेस्ट' ही रचना केली. तिच्यात ध्वनिवर्धकाचा शंकू गळून पडला आणि कंप देणारे लहानसे यंत्र तेवढे उरले. ते वेगवेगळ्या वस्तूंना जोडले की विद्युत्ध्वनी त्या वस्तूच्या अंगातून, तिचा स्वभाव घेऊन बाहेर पडे. १९७३ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एका कार्यशाळेत या रचनेचे चौथे रूप घडले. तेथे पिंपासारख्या मोठमोठ्या वस्तू छताला टांगून प्रेक्षकांना त्यांच्यामधून हिंडण्याची, वस्तूला कान लावण्याची मोकळीक होती. ट्यूडरच्या लेखी ध्वनिवर्धक हे स्वतःच एक वाद्य होते.

याच ट्यूडरने दोन घटनांच्या मधल्या काळात, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारून दिला होता. भारतातील तो अशा प्रकारचा पहिला स्टुडिओ मानला जातो.

ट्यूडरने प्रश्नाची दुसरी बाजू टोकाला नेली. वस्तूला बोलू द्या. मग मूळ आवाजाचे काय व्हायचे ते होवो. पण कुणाला त्या फळीतून आपल्या आवडत्या गायिकेचा आवाज ओळखू येईल असा ऐकायचा असेल, तर हे उत्तर पुरेसे नाही. सेवकाचे मौन आणि वस्तूची मनमानी यांच्या पलीकडे तिसरा मार्ग आहे का?

६

तो मार्ग सापडला भलत्याच ठिकाणी. ब्रिटनच्या संरक्षण संशोधन विभागात विमानांतील आणि हेलिकॉप्टरांतील गोंगाटाचा अभ्यास करताना केन हेरन यांच्या लक्षात आले की, हलके पण ताठ असे संमिश्र फलक आवाज अडवण्यास नालायक असले, तरी तो प्रसवण्यात फार तरबेज आहेत. १९९० च्या दशकाच्या आरंभी या कल्पनेचे पेटंट घेतले गेले आणि ती 'व्हेरिटी' या ध्वनिउद्योग समूहाकडे आली. योगायोग असा की वॉकर यांची क्वाड कंपनी १९९५ मध्ये याच समूहाने विकत घेतली होती. मौनाचा सर्वोत्तम नमुना आणि त्याचा प्रतिपक्ष काही काळ एकाच छपराखाली नांदले. १९९७ मध्ये समूहाने क्वाड विकून टाकली. फलकाचे तंत्र मात्र 'एनएक्सटी' या नावाने स्वतःकडे ठेवले.

हेन्री आझिमा, नील हॅरिस आदी संशोधकांनी विकसित केलेले तत्त्व थोडक्यात असे. फळी हलताना 'फुटते' तर फुटू द्यावी. तिचे सगळे स्वर जागे करावेत. पण ते इतके दाट आणि इतके सारखे पसरावेत की त्यांपैकी एकही वेगळा उठून दिसू नये. शंकूमध्ये दोन-चार स्वरच बंड करतात, म्हणून ते कानाला टोचतात. शेकडो स्वर समान रीतीने बोलू लागले की त्यांचा मिळून कोणताही विशिष्ट रंग उरत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे तबल्याच्या उलट्या उदाहरणावरून चटकन कळेल. साध्या ताणलेल्या चामड्याचे कंपनप्रकार परस्परांशी सुरेल नाते ठेवत नाहीत, म्हणून बहुतेक ढोलांना नेमका स्वर नसतो. तबल्याची शाई ही अव्यवस्था मोडते, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह दाखवले आणि १९३४ मध्ये सविस्तर मांडले. तबल्याचे पहिले नऊ कंपनप्रकार पाच सुरेल गटांत येऊन बसतात, आणि म्हणून तबला षड्जात मिळवता येतो. तबला करणारा कारागीर विखुरलेल्या स्वरांना एका स्वराच्या आज्ञेत आणतो. ध्वनिफलक करणाऱ्याला ते एकत्र येणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते. तबला 'लावणे' म्हणजे त्याला स्वर देणे. फलक लावणे म्हणजे त्याचा एकच असा स्वर काढून घेणे.

७

आता कृती. फळी हलकी आणि ताठ हवी. एकेकाळी गणपतीच्या मखरांसाठी सर्रास वापरला जाणारा थर्मोकोल त्यासाठी उत्तम, मात्र दाट कणांचा आणि सुमारे दोन सेंटीमीटर जाडीचा. तीन मिलिमीटरचे प्लायवुडही चालते. पण फळी जितकी जड, तितका त्याच विजेत आवाज लहान. थर्मोकोल बारीक कागदाने घासून त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी घातलेला पांढरा डिंक, म्हणजे आपला फेव्हिकॉल, पातळ लावतात. वाळल्यावर दोन कडक त्वचा आणि मध्ये हलका गाभा असा थर तयार होतो. वजन फारसे वाढत नाही. ताठपणा मात्र वाढतो.

आकार चौरस नसावा. चौरसात लांबीचे आणि रुंदीचे स्वर एकावर एक पडतात आणि नेमके तेच उठून ऐकू येतात. लांबी-रुंदीचे एक शिफारस केलेले प्रमाण १.१३४ : १ आहे, म्हणजे ६० सेंटीमीटर लांब फळीला सुमारे ५३ सेंटीमीटर रुंदी. कंप देणारे यंत्र, ज्याला 'एक्सायटर' म्हणतात, ते फळीच्या मध्यावर चिकटवायचा मोह होतो, तो आवरावा. मध्यबिंदू हा कितीतरी कंपनप्रकारांच्या स्थिर रेषेवर असतो. तेथे ढकलले तर ते स्वर जागेच होत नाहीत. म्हणून लांबीच्या ४/९ आणि रुंदीच्या ३/७ अंतरावर, म्हणजे वरील फळीत एका बाजूपासून सुमारे २६.७ आणि दुसरीपासून २२.७ सेंटीमीटरवर, ते बसवतात. यंत्राच्या चुंबकाचे वजन कालांतराने फळीला वाकवते. त्याला मागून लाकडी पट्टीचा आधार द्यावा. मग फळी चौकटीत दोऱ्यांनी टांगावी आणि ॲम्प्लिफायरला जोडावी. आवाज हळूहळू वाढवावा आणि अगदी खालचे स्वर गाळून द्यावेत, नाहीतर लहानसे वेटोळे तापून जळते.

खरे काम यानंतर सुरू होते. आपण माठ घेताना टिचकी मारून पाहतो, तशी फळीवर जागोजागी टिचकी मारायची. कुठे ती खणखणते, कुठे बद्द वाजते, याची खूण करायची. खालपासून वरपर्यंत चढत जाणारा एक शुद्ध स्वर वाजवायचा आणि फळी कुठे एकदम मोठ्याने बोलते ते टिपायचे. फळी आडवी ठेवून तिच्यावर मीठ भुरभुरले तर क्लाडनीच्या नक्ष्या समोर उमटतात. ज्या स्वराला फळी फाजील बोलते, त्याच्या थरथरणाऱ्या जागी मेणाचा गोळा किंवा नमद्याचा तुकडा चिकटवायचा. कोपरे गोल करायचे, कडेला स्पंजाचा हलका टेकू द्यायचा, पुन्हा ऐकायचे. कडा पूर्ण मोकळी सोडावी की थोडी बांधावी, याचे एकच उत्तर नाही. किर्खहॉफच्या गणिताला बगल देऊन प्रत्येक जण आपापल्या फळीपुरते ते शोधतो. परीक्षेसाठी वाद्यांपेक्षा ओळखीच्या माणसाचा बोलण्याचा आवाज बरा. सतारीतला खोटेपणा कान पचवतो, परिचिताच्या बोलण्यातला पचवत नाही.

८

एनएक्सटीचे तंत्र परवान्यावर अनेक कंपन्यांना दिले गेले आणि ते संगणकाशेजारच्या पातळ ध्वनिवर्धकांसारख्या लहान वस्तूंत वापरले गेले. लहान फळीला मुळात मोजकेच खालचे स्वर असतात. त्यामुळे जेथे हे तत्त्व सर्वांत दुबळे, तेथेच ते लोकांच्या कानी पडले. सोनीने २०१७ मध्ये दूरचित्रवाणीच्या काचेलाच कंप देऊन तिच्यातून आवाज काढला, तो याच कुळातील. पण ऐसपैस फळीचे शास्त्र टिकवले आणि वाढवले ते घरातल्या कारागिरांनी, कारण दुकानाच्या फडताळात मावण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. पेटंटांची वीस वर्षांची मुदतही २०१० च्या दशकाच्या मध्यापर्यंत संपत आली होती.

फलकाच्या मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. अगदी खालचा स्वर त्याला झेपत नाही. त्यासाठी वेगळा शंकूचा ध्वनिवर्धक जोडावाच लागतो. शिवाय फळीत उंच स्वर खालच्या स्वरांपेक्षा वेगाने धावतात आणि सगळेच कडेवर आपटून परततात; त्यामुळे प्रत्येक आघात क्षणभर रेंगाळतो. बहुस्वरी तटस्थतेची ही किंमत आहे. वॉकर यांच्या पटलात असे रेंगाळणे फारच कमी, म्हणून त्याचे चाहते आजही आपल्या जागी बरोबर आहेत.

तथापि निवाड्याच्या पद्धतीबद्दल हा फलक एक महत्त्वाची गोष्ट शिकवून जातो. त्याच्यासमोर एका ठिकाणी मायक्रोफोन ठेवून आलेख काढला तर तो खडबडीत, अपराध्यासारखा दिसतो. मायक्रोफोन खोलीत दहा ठिकाणी फिरवून सरासरी काढली तर तोच आलेख बराच सपाट होतो. शंकूसाठी रचलेली कसोटी श्रोत्याला एका खुर्चीत, नेमक्या मध्यावर बसवते; फलक मात्र खोलीत हिंडणाऱ्याला जवळजवळ सगळीकडे सारखा ऐकू येतो. कोणता ध्वनिवर्धक मुळाशी अधिक प्रामाणिक, हे ठरवण्याआधी ऐकणारा कुठे उभा आहे हे सांगणे भाग पडते.

माध्यमाच्या तटस्थतेचे दोन अर्थ या इतिहासातून हाती येतात. पहिला राइस-केलॉग यांचा आणि वॉकर यांचा : स्वतःचा स्वर शक्य तितका दाबून टाकणे. दुसरा फळीचा : स्वतःचे सगळे स्वर मोकळे सोडून कोणा एकाला शिरजोर होऊ न देणे. भाषांतराची किंवा समीक्षेची चर्चा करताना आपल्या मनात बहुधा पहिलाच अर्थ असतो, आणि तो साधला नाही की आपण लेखकाला दोषी ठरवून मोकळे होतो. एखाद्या भाषांतरकाराच्या मराठीत बोलीचे, ग्रंथांचे, घरचे, बाजारातले असे अनेक स्वर एकाच वेळी जागे असतील, तर ते मुळाच्या आड आलेच असे धरून चालता येत नाही. आड येतो तो त्यांतला एखादाच, प्रत्येक वाक्यात तोच तो ऐकू येणारा. तो कोणता, हे शोधायला टिचकी मारत पानापानावरून फिरावे लागते.